३० डॉलरचं पाकीट की ८० डॉलरची अख्खी फाइल? अमेरिकन यादवीत पडलेल्या सैनिकाचं घर शोधताना

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधून, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दफ्तरखान्यातून, १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातल्या सैनिकाविषयी पैसे भरून तीन प्रकारच्या नकला मागवता येतात. सेवापत्रक ३० डॉलर. पेन्शनच्या फाइलमधल्या निवडक कागदांचं पाकीट ३० डॉलर. पेन्शनची अख्खी फाइल पहिल्या १०० पानांना ८० डॉलर, पुढे दर पानाला ७० सेंट. दर अधूनमधून बदलतात, मागणी नोंदवताना दिसेल तोच खरा.

नवखा माणूस बहुतेक वेळा सेवापत्रक मागवतो आणि पाचसहा कार्डांच्या नकला हातात आल्यावर हिरमुसतो. सैनिक युद्धातच गेला असेल आणि त्याचे आईबाप, बायको, मुलं, गाव हे हवं असेल, तर पैसे तिसऱ्या गोष्टीवर घालावेत. बाकीचं बरंचसं फुकटात होतं. सून किंवा जावई अमेरिकन असलेल्या मराठी घरांतून हल्ली नातवंडांच्या दुसऱ्या बाजूची वंशावळ लावण्याची हौस दिसते. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनी जे काम होतं, ते तिथे या फाइली करतात. फरक एवढाच, की वहीत घराण्याने आपण होऊन नाव लिहिलेलं असतं आणि इथे सरकारने ते पुराव्यासकट मागून घेतलेलं आहे.

सेवापत्रक म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावं. युद्ध संपल्यावर पेन्शनचे अर्ज पडताळायला युद्धखात्याच्या कारकुनांनी रेजिमेंटच्या हजेरीपटांवरून, इस्पितळांच्या वह्यांवरून एकेका माणसाची कार्डं उतरवून काढली. हजेरीपट साधारण दर दोन महिन्यांनी भरला जाई, म्हणून कार्डांवर ‘हजर’, ‘इस्पितळात’, ‘रजेवर’ अशी माळ लागते आणि शेवटच्या कार्डावर ‘लढाईत ठार’. नाव, हुद्दा, कंपनी म्हणजे रेजिमेंटमधली तुकडी, भरतीची तारीख, वय. बायकोचं नाव नाही, आईबापांचं तर जवळजवळ कधीच नाही. नशीब असेल तर पाकिटात भरतीचा मूळ कागद निघतो. त्यावर जन्मगाव, धंदा, उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग असतो. मेलेल्या माणसाच्या बाबतीत कधीकधी त्याच्या सामानाची यादीही मिळते. पण घराण्याच्या दृष्टीने एवढंच.

आता पेन्शन. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने युद्धात मेलेल्या सैनिकाच्या विधवेला, १६ वर्षांखालच्या मुलांना, ती नसतील तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला, आईही नसेल तर पोरक्या बहिणींना पेन्शन मिळू लागली. साध्या शिपायापासून सार्जंटपर्यंत सगळ्यांच्या वारसांना महिना ८ डॉलर, लेफ्टनंट कर्नल आणि वरच्यांच्या वारसांना ३०. शिपायाचा पगारच तेव्हा १३ डॉलर होता, म्हणजे ८ डॉलर काही क्षुल्लक नव्हते. १८६६ मध्ये विधवेला मुलामागे २ डॉलर वाढवून मिळाले. सरकार पैसे देणार म्हटल्यावर पुरावा मागणारच. तलाठ्याकडे वारस नोंद घालायला गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको: मेलेल्याच्या नावावरचं काही जिवंताच्या नावावर करायचं तर सगळं नातं कागदावर उतरवावं लागतं.

म्हणून विधवेच्या फाइलमध्ये लग्नाचा दाखला असतो, किंवा तो नसेल तर लग्न लावणाऱ्या पाद्र्याचं प्रतिज्ञापत्र, तोही वारला असेल तर लग्नाला हजर असलेल्या दोघांचं. तिचं माहेरचं आडनाव त्यातच मिळतं. प्रत्येक मुलाची जन्मतारीख आणि ती सिद्ध करायला सुईणीचा किंवा डॉक्टरचा जबाब. कुठेकुठे घरच्या बायबलमधलं जन्ममृत्यूचं पानच फाडून जोडलेलं असतं. कंपनीच्या अधिकाऱ्याचं मृत्यूबद्दलचं निवेदन असतं. आणि अविवाहित पोराच्या आईचा अर्ज असेल, तर सगळ्यांत मोलाची गोष्ट निघण्याची शक्यता असते: त्याची मूळ पत्रं. मुलगा आपल्याला पोसत होता हे आईला सिद्ध करावं लागे, म्हणून ‘या पगारातले १० डॉलर पाठवतो आहे’ असं लिहिलेली छावणीतली पत्रं ती पुरावा म्हणून जोडी आणि ती परत मिळत नसत. आयर्लंड-जर्मनीतून आलेल्या मुलांच्या बाबतीत आईने मायदेशातूनच अर्ज केल्याच्या फाइलीही आहेत. त्यांतून गाव, चर्च, भावंडं सगळं हाती लागतं. समुद्रापलीकडची साखळी जोडायला याहून चांगला कागद क्वचितच असतो.

मागणी नोंदवण्याआधीचं काम मात्र आपलं आपल्याला करावं लागतं, आणि चुका तिथेच होतात.

आधी रेजिमेंट नक्की करा. नॅशनल पार्क सर्व्हिसचा सैनिकांचा शोधसाठा फुकट आहे. त्यात ६३ लाख नावं आहेत. तेवढे सैनिक नव्हते. एकच माणूस दोन रेजिमेंटांत गेला, किंवा त्याचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं गेलं, की त्याच्या तेवढ्या नोंदी झाल्या. म्हणून एका नावाच्या चार नोंदी दिसल्या की चार चुलतभाऊ समजू नयेत. रेजिमेंट म्हणजे आकडा, राज्य आणि दळ (पायदळ, घोडदळ, तोफखाना) हे तिन्ही मिळून. नुसतं ‘६९वी न्यूयॉर्क’ म्हटलं तर स्वयंसेवकांची रेजिमेंटही निघते आणि नॅशनल गार्डचीही. पायदळात कंपनीचं अक्षर ए पासून के पर्यंत, मधलं ‘जे’ हे अक्षर गाळलेलं, कारण हस्ताक्षरात ते आय सारखं दिसे. ‘कंपनी जे’ असा उल्लेख कुणाच्या घरच्या टिपणात असेल तर तो आय असण्याचा संभव जास्त.

मग पेन्शनची सूची. ती दोन आहेत. टी २८८ ही आडनावाच्या वर्णक्रमाने, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट खातं उघडून पाहता येते. टी २८९ ही राज्य, दळ, रेजिमेंट, कंपनी अशा क्रमाने, ती फोल्ड थ्री या वर्गणीच्या साइटवर आहे. आडनाव विचित्र लिहिलं गेलं असेल तर दुसरी तारून नेते: कंपनीतली सगळी कार्डं एकेक चाळायची, शंभरेक माणसांचा तर प्रश्न असतो. शिवाय तिच्या कार्डांवर मृत्यूची तारीख आणि जागा बऱ्याचदा लिहिलेली असते.

कार्डावर सैनिकाचं नाव, त्याखाली अर्जदाराचं नाव, मग अर्जाची तारीख, अर्जाचा क्रमांक, मंजुरीचा क्रमांक, आणि अर्ज कुठल्या राज्यातून आला ते. अर्जाच्या ओळी मुख्यतः चार प्रकारच्या: इनव्हॅलिड, विडो (विधवा), मायनर (अज्ञान मूल), मदर (आई). इनव्हॅलिड म्हणजे सैनिकाने स्वतः, जखमी वा आजारी म्हणून, केलेला अर्ज. या ओळीची तारीख तुमच्या सैनिकाच्या मरणानंतरची असेल तर तो माणूस तुमचा नव्हे. एकाच काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, एकाच नावाच्या दोघांची गल्लत इथेच पकडता येते. तरी लोक इनव्हॅलिडची फाइल मागवतात, ८० डॉलर घालवतात आणि दुसऱ्याच घराण्याचे पूर्वज घरी आणतात.

मंजुरीचा क्रमांक असेल तर फाइल डब्ल्यू. सी. या अक्षरांखाली, नसेल तर डब्ल्यू. ओ. खाली, म्हणजे अर्ज झाला पण मंजूर झाला नाही. नामंजूर फाइल टाकाऊ समजू नका. विधवेने दहादा कागद पाठवले, दहादा ते अपुरे ठरले, अशी फाइल मंजूर फाइलपेक्षा जाड निघू शकते. बहुतेक वेळा लग्नाचा पुरावा अडतो, नाहीतर मरण कर्तव्यावर आलं नाही असा शेरा, किंवा हजेरीपटावर ‘पळून गेला’ अशी नोंद. शेवटच्या प्रकारात मात्र ३० डॉलरचं सेवापत्रक जरूर मागवावं. चुकून फरार ठरवलेला माणूस शेवटी इस्पितळात मेला होता, हे त्या कार्डांवर कधीकधी दुरुस्त केलेलं सापडतं.

मायनरची ओळ दिसली तर आणखी एक धागा मिळतो. विधवेने दुसरं लग्न केलं की तिची पेन्शन बंद होई आणि १६ वर्षांखालच्या मुलांच्या नावाने, कोर्टाने नेमलेल्या पालकामार्फत, ती चालू राही. म्हणजे कार्डावर एखादा परका माणूस पालक म्हणून दिसतो, आणि त्या काउंटीच्या वारसा-न्यायालयात त्याच्या नेमणुकीचे कागद असतात. फाइल आली की काम संपलं असं नाही, त्या न्यायालयाला पत्र टाकायचं असतं.

बाईच्या आडनावांचं हे प्रकरण किती गुंतागुंतीचं होतं, त्याचं प्रसिद्ध उदाहरण गेटिसबर्गच्या लढाईतलं आहे. १ जुलै १८६३ ला १५४व्या न्यूयॉर्क रेजिमेंटचा सार्जंट एमॉस ह्यूमिस्टन तिथे ठार झाला. अंगावर नावाचा कागद नाही, हातात फक्त तीन मुलांचा काचेवरचा फोटो. वर्तमानपत्रात तेव्हा फोटो छापता येत नसे, म्हणून १९ ऑक्टोबर १८६३ च्या ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ने त्याचं वर्णनच छापलं, अगदी थोरल्या मुलाचं जाकीट आणि बहिणीचा झगा एकाच कापडाचा आहे, इतकं बारीक. ते वर्णन फिरत फिरत न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिलला पोचलं आणि फिलिंडा ह्यूमिस्टनने मुलं ओळखली. ही फिलिंडा माहेरची एन्सवर्थ, पहिल्या लग्नाची स्मिथ, दुसऱ्या लग्नाची ह्यूमिस्टन, आणि १८६९ नंतर बार्न्स. १८७० च्या जनगणनेत तिला ‘ह्यूमिस्टन’ म्हणून शोधणारा हात हलवत परत येणार. पेन्शनचा कायदा मात्र अशा बाईची चारही आडनावं एका दोऱ्यात ओवायला लावतो, कारण प्रत्येक लग्नाचा आरंभ आणि शेवट तिला सिद्ध करावा लागतो.

आता मूळ प्रश्न. ३० डॉलरच्या पाकिटात दफ्तरखान्यातला कर्मचारी फाइलमधून वंशावळीला उपयोगी वाटणारे जास्तीत जास्त आठ कागद निवडून देतो. तुम्हाला फक्त लग्नाची तारीख आणि मुलांची नावं हवी असतील तर ते पुरतं. पण पत्रं, शेजाऱ्यांचे जबाब, गावातल्या नातेवाइकांच्या सह्या या गोष्टी त्या आठांत येतीलच असं नाही, आणि युद्धात मेलेल्या सैनिकाच्या फाइलचा जीव त्यांतच असतो. म्हातारपणी मेलेल्या सैनिकाच्या फाइलमध्ये वैद्यकीय तपासण्यांची पानंच्या पानं असतात, तिथे पाकीट घेणं शहाणपणाचं. इथे नाही. आईच्या अर्जाची फाइल असेल तर पाकिटाचा विचारच करू नये.

त्याआधी एकदा फोल्ड थ्रीवर पाहून घ्या. विधवांच्या फाइलींचं डिजिटायझेशन २००७ पासून चालू आहे. एकूण सुमारे १२ लाख ८० हजार फाइली, त्यांतल्या सगळ्या झालेल्या नाहीत, पण आपली त्यांत निघाली तर ८० डॉलर वाचले. वर्गणी भरायची नसेल तर नॅशनल आर्काइव्ह्जच्या वाचनकक्षांतल्या संगणकांवर ही साइट फुकट उघडते. अमेरिकेत राहणाऱ्या भाचीला एक दिवस तिकडे धाडणं हा स्वस्तातला उपाय. फोल्ड थ्रीवरचे स्कॅन स्पष्ट असतात, पानं मोठी करून वाचता येतात. अडचण तिथल्या शोधाची: नावाचं स्पेलिंग कार्डावर वेगळं असेल तर ते सुटू शकतं, म्हणून नावाने शोधण्यापेक्षा राज्य-रेजिमेंट-कंपनी अशा पायऱ्यांनी उतरत जावं.

मागणी नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवरून होते. पेन्शनसाठी फॉर्म ८५, सेवापत्रकासाठी ८६, ऑनलाइन तेच खाने भरायचे असतात. नाव, राज्य, रेजिमेंट, कंपनी, संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूचा की दक्षिणेच्या, आणि अर्ज व मंजुरी असे दोन्ही क्रमांक. क्रमांक न देता नुसतं नाव दिलं तर जबाबदारी शोधणाऱ्यावर ढकलल्यासारखी होते आणि ‘सापडलं नाही’ असं उत्तर यायची शक्यता वाढते. फाइल न सापडल्यास पैसे कापले जात नाहीत, हा या सेवेचा चांगला गुण. वाट पाहायची तयारी मात्र हवी, काम दिवसांत नव्हे, आठवड्यांत आणि महिन्यांत मोजतात. भारतातून मागवणाऱ्याने कागदी नकलांच्या फंदात न पडता डिजिटल प्रत निवडावी.

दक्षिणेच्या सैन्यासाठी पेन्शनचं हे सगळं गैरलागू. ज्या दक्षिणेचा कापूस बंदरांत अडकल्यामुळे मुंबईत सट्ट्याचं वेड चढलं आणि १८६५ ला युद्ध संपताच उतरलं, तिच्या सैनिकांना वॉशिंग्टनने त्या काळी पेन्शन दिली नाही. ती पुढे एकेका राज्याने दिली, आणि विधवा जिथे राहत होती त्या राज्याने, नवरा जिथून लढला त्याने नव्हे. अलाबामाच्या रेजिमेंटमध्ये मेलेल्याची विधवा टेक्ससला गेली असेल तर अर्ज टेक्ससच्या दफ्तरात. तिथे पेन्शन १८९९ ला सुरू झाली, टेनेसीत १८९१ ला, ओक्लाहोमात तर १९१५ ला. तोवर १८६२ मध्ये पडलेल्या पोरांचे आईबाप केव्हाच गेलेले, म्हणून अविवाहित सैनिकाच्या बाबतीत या अर्जांकडून काही मिळत नाही. त्याऐवजी दक्षिणेच्या सरकारकडे युद्धाच्या काळातच नातलगांनी थकलेल्या पगारासाठी केलेले दावे पाहावेत. त्यांत दावा करणाऱ्या बापाचं वा विधवेचं नाव असतं, आणि सेवापत्रकात त्याचा उल्लेख सापडतो. दक्षिणेच्या सैनिकांची सेवापत्रकं ऑनलाइन आली आहेत, त्यासाठी ३० डॉलर घालवायची गरज नाही.

संघराज्याकडून लढलेल्या सुमारे १ लाख ८० हजार काळ्या सैनिकांच्या बाबतीत मात्र पेन्शनच्या फाइलला पर्याय नाही. १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावंच नाहीत, फक्त वय, लिंग आणि वर्ण, मालकाच्या नावाखाली. नावानिशी मोजणी १८७० ला झाली. गुलामीतल्या लग्नाचा दाखला कुठून आणणार? म्हणून ४ जुलै १८६४ च्या कायद्याने, हे दोघे नवराबायको म्हणून राहत होते अशी विश्वासू साक्षीदारांची साक्ष चालेल असं ठरलं. पेन्शनखात्याला तरी शंका वाटे आणि ते खास तपासनीस गावात धाडत. त्यांनी घेतलेल्या जबाबांत मालकाचं नाव, मळा, आईला कुठे विकलं, लग्न कुणाच्या अंगणात झालं, हे बोलणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत उतरलेलं असतं. त्या पिढीचा इतका तपशील दुसरीकडे क्वचितच मिळतो. इथे ८० डॉलर कमीच वाटतील. सेवापत्रकातही कधी माजी मालकाचं नाव निघतं, कारण सीमेवरच्या, म्हणजे गुलामी असूनही संघराज्यात राहिलेल्या, राज्यांतल्या मालकांना सैन्यात गेलेल्या गुलामाबद्दल भरपाई मागता येत होती.

थडग्यांचा शोध बराच फुकट आणि झटपट होतो, पण नात्यांच्या कामाला त्याचा फारसा उपयोग नाही. गेटिसबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीत संघराज्याचे ३,५१२ सैनिक आहेत, त्यांतले ९७९ बेनाव. दगडावर नाव, राज्य आणि फार तर रेजिमेंट, कंपनी. १८९० ची सैनिक आणि विधवांची वेगळी जनगणना मात्र पाहावी, विधवेचा तेव्हाचा पत्ता मिळतो. वर्णक्रमाने अलाबामापासून कॅन्सासपर्यंतच्या राज्यांची पानं जवळजवळ सगळी गेली, केंटकीची अर्धी उरली, पुढची बहुतेक आहेत. ओहायो किंवा पेनसिल्व्हेनियाचा सैनिक असेल तर नशीबवान.

फाइल हातात आल्यावर वाचताना तीन खाचखळगे. तारीख महिना आधी घालून लिहितात: ७/१/६३ म्हणजे १ जुलै, ७ जानेवारी नव्हे. ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना आणि ‘अल्ट.’ म्हणजे मागचा. तारखेला एक महिन्याची चूक झाली की मूल बापाच्या मरणानंतर दहा महिन्यांनी जन्मलेलं दिसतं आणि घराण्यात नसती कुजबुज सुरू होते. आणि लागोपाठ दोन एस आले की पहिला एस त्या काळच्या लपेटीत एफसारखा काढतात, म्हणून ‘जेसी’चा ‘जेफ्सी’ वाचला जातो. सूचीत शोधूनही नाव मिळालं नाही, तर एफ घालून एकदा पाहावं. सूची करणारेही असेच फसलेले आहेत.